सोनं निष्क्रिय नव्हे, चोखंदळ

कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा आणि उमटलेल्या रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडायचा. हलक्या सोन्यातलं तांबं-चांदी विरघळून रेघ फिकी पडते. अस्सल सोन्याची तशीच राहते. या परीक्षेवरून सोन्याचा अणू कुणाशीच जोडला जात नाही, असा समज पक्का झाला. तो अपुरा आहे. सोनं संयुगं बनवतं, पण जोडीदार पारखून. आणि त्याचा टिकाऊपणा व ही पारख यांचं मूळ एकच आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे केंद्रालगतचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. एवढ्या वेगाला आइनस्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो आणि कक्षा आक्रसतात. सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉनही आत खेचला जातो, त्यामुळे तो काढून घ्यायला चांदीच्या तुलनेत जास्त ऊर्जा लागते. याच बदलामुळे सोनं निळा प्रकाश शोषतं आणि पिवळं दिसतं. सिझियमकडून तर ते उलट इलेक्ट्रॉन घेतं. दोन धातूंपासून तयार झालेलं हे संयुग स्वतः धातू राहत नाही.

मग सोनं गंजत का नाही? कारण ऑक्सिजनशी त्याचा बंध कच्चा असतो. सोन्याचं ऑक्साइड थोडं तापवलं तरी मोडतं. क्लोरीनशी मात्र त्याचं जमतं. आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, नायट्रिक आम्ल इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लातले चार क्लोराइड सोन्याच्या अणूला चहूबाजूंनी धरून ठेवतात. 1940 मध्ये कोपनहेगनमध्ये रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी दोन नोबेल पदकं अशीच विरघळवून नाझींपासून वाचवली; युद्धानंतर त्याच द्रावणातून सोनं परत मिळालं.

ही केवळ प्रयोगशाळेतली नवलं आहेत, असंही कुणी म्हणेल. पण खनिजातून सोनं काढण्याची 1887 सालची पद्धत सोनं आणि सायनाइड यांच्या बंधावरच उभी आहे, आणि सोन्याचा मुलामा देण्याच्या द्रावणातही तोच बंध असतो. संधिवातावरच्या ऑरॅनोफिन या औषधात सोनं गंधक आणि फॉस्फरसशी जोडलेलं असतं. म्हणून शाळेत ‘राजधातू’ एवढ्यावर सोन्याची बोळवण करू नये. ते कुणाशी, कोणत्या अटीवर जोडलं जातं हे शिकवावं. औषधं घडवणं आणि सायनाइडसारख्या जहाल विषाला गंधकयुक्त पर्याय शोधणं, ही दोन्ही कामं त्याच ज्ञानावर चालतात.