समथरच्या वाटेवरची पुस्तके

झाशीहून कानपूरकडे निघाले की बडागाव, चिरगाव, मोंठ अशी गावे एकामागून एक येतात. मोंठला हमरस्ता सोडून आत वळले की समथर. आज ते झाशी जिल्ह्यातले एक लहान गाव आहे, पण १९४७ पर्यंत ते एका संस्थानाची राजधानी होते. संस्थानाचे क्षेत्रफळ जेमतेम १८० चौरस मैल, तरीही राजाला ११ तोफांच्या सलामीचा मान. पहूज आणि बेतवा या दोन नद्यांमधल्या सपाट मुलखात खंदकाने वेढलेला इथला किल्ला उभा आहे. पर्यटक ओरछा पाहतात, झाशीचा किल्ला पाहतात आणि परत फिरतात. समथर बहुतेकांच्या कार्यक्रमात नसते. म्हणूनच पडक्या वाड्यांची, ओस महालांची, बंद पडलेल्या गिरण्यांची ओढ असणाऱ्या माणसाने इथे जावे असे मला वाटते. मात्र जाण्यापूर्वी त्याने वाचावे.

या छंदाला आता ‘अर्बन एक्सप्लोरेशन’ म्हणतात. कॅमेरा घ्यायचा, सोडून दिलेल्या इमारतीत शिरायचे, शेवाळलेला जिना आणि तुटकी खिडकी टिपायची. पाश्चात्त्य जगात या छंदाचे बऱ्यापैकी वाङ्मय आहे. टोरांटोच्या जेफ चॅपमनने ‘निन्जालिशस’ या टोपणनावाने १९९६ मध्ये ‘इन्फिल्ट्रेशन’ नावाची छोटी पत्रिका सुरू केली. २००५ मध्ये त्याचे ‘ॲक्सेस ऑल एरियाज’ हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी तो कर्करोगाने वारला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पुस्तकात जुन्या इमारतीत कसे वागावे याचा विचार आहे: काही उचलू नये, काही मोडू नये, भिंतीवर नाव लिहू नये. हे पुस्तक प्रत्येकाने वाचावे. ब्रॅडली गॅरेट या भूगोलाच्या अभ्यासकाचे ‘एक्सप्लोअर एव्हरीथिंग’ (२०१३) अधिक थरारक आहे. लंडनमधली ‘शार्ड’ ही उत्तुंग इमारत बांधली जात असताना तो आणि त्याचे सोबती तिच्या माथ्यावर पोहोचले होते. पुढे याच उद्योगांपायी त्याच्यावर खटला चालला. त्याचे लेखन चांगले आहे, पण त्याचे धाडस अनुकरणासाठी नाही. टिम एडेन्सरचे ‘इंडस्ट्रियल रुइन्स’ (२००५) ब्रिटनमधल्या बंद कारखान्यांवर आहे. गिरणगाव ज्यांच्या डोळ्यांसमोर ओस पडले, त्या मुंबईकरांना ते जवळचे वाटेल. रोझ मॅकॉलेचे ‘प्लेझर ऑफ रुइन्स’ (१९५३) जुने आहे. भग्नावशेषांकडे पाहण्याची माणसाची हौस किती पुरातन आहे हे त्यातून कळते.

पण समथर ज्या बुंदेलखंडात आहे, तिथल्या ओसाड महालात उभे राहिल्यावर ही पुस्तके फारशी कामाला येत नाहीत. कसे पाहावे हे ती शिकवतात. समोर जे दिसते आहे ते कुणाचे आणि कशाने रिकामे झाले, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. ते उत्तर मोठ्या प्रमाणात मराठीत आहे. मराठी वाचकाच्या हाती असलेला हा ठेवा मराठी वाचकच विसरला आहे, ही माझी खरी तळमळ.

पहिले पुस्तक अर्थातच विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा चांगली मिळेल, असे ऐकून १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईचा दिनक्रम, गल्ल्या, मंदिरे, शहरातल्या माणसांची राहणी हे सगळे त्यांनी स्वतः पाहिलेले. पण ओस घरांचा शोध घेणाऱ्याने विशेष लक्षपूर्वक वाचावी ती शहर पडल्यानंतरची पाने. हलवाईपुऱ्याला लावलेली आग, गल्लीगल्लीत झालेली कत्तल, राणीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश. लुटीचाही एक क्रम होता: आधी सोने-चांदी, मग तांबे-पितळ, मग कापड, मग धान्य. शहर कसे रिकामे होते याचे इतके तपशीलवार, इतके अलिप्त आणि म्हणूनच इतके भयंकर वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. झाशीच्या जुन्या भागातली पडकी भिंत पाहताना ही पाने आठवली की फोटो काढायला उचललेला हात क्षणभर थांबतो.

आवृत्ती मात्र पाहून घ्यावी. गोडसे यांनी ही हकीकत १८८३ च्या सुमारास लिहिली. ती १९०७ मध्ये भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी छापली, पण भाषा बदलून आणि काही मजकूर वगळून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. वाचायची ती हीच. गोडसेभटजींचे कोकणी वळणाचे, न सजवलेले मराठी तिच्यात जसेच्या तसे भेटते. घरातल्या ज्या मुलांना मराठी वाचणे जड जाते, त्यांच्यासाठी अमृतलाल नागर यांचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ आहे, शिवाय इंग्रजीतही एकाहून अधिक अनुवाद आहेत.

या पुस्तकाचा समथरशी काय संबंध? नकाशा उघडा. झाशी सोडल्यावर राणी भांडेरमार्गे काल्पीला गेली. पुढची मोठी लढाई ७ मे १८५८ ला कोंचला झाली. भांडेर, कोंच आणि काल्पी ही ठिकाणे रेघेने जोडली की समथर त्या रेघेलगतच येते. काल्पीच्या वाटेवरच एका विहिरीपाशी गोडसेभटजींची आणि राणीची अवचित गाठ पडली. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तहानलेल्या राणीने विहिरीचा दोर स्वतःच्या हाती घेतला. हा प्रसंग वाचून या मुलखातून जाणाऱ्याला रस्त्याकडेची कुठलीही जुनी विहीर परकी वाटत नाही.

समथरच्या स्वतःच्या इतिहासासाठी इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरांकडे वळावे लागते. सी. ई. लुअर्ड यांनी मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांची गॅझेटियरे सिद्ध केली, त्यांतला बुंदेलखंडाचा खंड १९०७ चा. ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्येही समथरवर नोंद आहे. कथा थोडक्यात अशी: समथर मुळात दतिया राज्याचा भाग. अठराव्या शतकात दतियाच्या गादीवरून तंटा झाला, तेव्हा नौनेशहा या गुजर सरदाराने इंद्रजित राजाला साथ दिली. त्याचा मुलगा मदनसिंह याला ‘राजधर’ ही पदवी आणि समथरच्या किल्ल्याची किल्लेदारी मिळाली. पुढे मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत याच घराण्यातला रणजितसिंह स्वतंत्र झाला आणि राजा हा किताब त्याला मराठ्यांकडून मिळाला. १८१७ मध्ये इंग्रजांशी तह झाला. म्हणजे बुंदेल्यांच्या मुलखातल्या एका गुजर घराण्याच्या राजेपणावर मराठ्यांची मोहर होती. हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला समथरच्या दरवाजात उभे राहिल्यावर आपण निव्वळ प्रवासी नाही, याची जाणीव होते.

बुंदेलखंडातल्या मराठी अमलाचा समग्र अभ्यास भा. रा. अंधारे यांनी ‘बुंदेलखंड अंडर द मराठाज’ या १९८४ च्या ग्रंथात केला आहे. वाचन रूक्ष आहे, पण त्याला पर्याय नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतही बुंदेलखंडाची पत्रे आहेत. छत्रसालाने बाजीरावाला दिलेला मुलूख, तिथे नेमलेले मामलेदार, वसुलीची ओढाताण, सावकारांची देणी यांचा पट तिथे उलगडतो. त्या पत्रांत वारंवार भेटणारे एक नाव गोविंदपंत बुंदेले यांचे. कोकणातल्या खेरांच्या घरचा हा माणूस. पानिपतच्या तोंडावर, डिसेंबर १७६० मध्ये मारला गेला. जालौन, सागर, गुरसराय इथल्या मराठी घराण्यांचे मूळ त्याच्याकडे जाते.

दुसरे नाव नारोशंकराचे. नाशिकला गोदाकाठी रामेश्वराच्या देवळातली ‘नारोशंकराची घंटा’ आपल्या बोलण्यात आहे. तोच हा नारोशंकर राजेबहाद्दर. १७४२ पासून १७५७ पर्यंत तो झाशीचा सुभेदार होता. वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ मध्ये बांधलेला झाशीचा किल्ला त्याने वाढवला. त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात. मालेगावचा भुईकोटही त्याचाच. समथरला जाणे लगेच जमणार नसेल, तर मालेगावचा भुईकोट आधी पाहा. सपाट मैदानावर डोंगराचा आधार नसताना किल्ला कसा उभा करायचा, खंदकाने उंचीची उणीव कशी भरून काढायची, हे तिथे समजते. सह्याद्रीच्या गडांना सरावलेल्या आपल्या डोळ्यांना भुईकोट वाचायला नव्याने शिकावे लागते.

समथरचा फाटा जिथे लागतो ते मोंठसुद्धा घाईने ओलांडू नये. अठराव्या शतकाच्या मध्यास इथे राजेंद्रगिरी गोसाव्याने बस्तान बसवले होते. नारोशंकरानेच त्याला तिथून हुसकावले. त्याचे चेले उमरावगिरी आणि अनूपगिरी, म्हणजेच हिंमतबहाद्दर, पुढे सगळ्या उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणात वावरले. लढाऊ गोसाव्यांच्या या विलक्षण जगावर विल्यम पिंच यांचे ‘वॉरियर ॲसेटिक्स अँड इंडियन एम्पायर्स’ (२००६) हे पुस्तक आहे. मठ, सैन्य आणि सावकारी एकाच हाती असणारी ही माणसे समजून घेतल्याशिवाय या पट्ट्यातल्या गढ्या नीट कळत नाहीत.

माणसे आणि लढाया कळल्या की भिंतींकडे वळावे. ओरछा आणि दतिया इथल्या महालांसाठी जाइल्स टिलटसनचे ‘द राजपूत पॅलेसेस’ (१९८७) आणि एडवर्ड रॉथफार्बचे ‘ओरछा अँड बियाँड’ (२०१२) ही दोन पुस्तके पुरेशी आहेत. दतियाचा वीरसिंहदेवाचा महाल म्हणजे मजल्यावर मजले चढवलेली, मध्यभागी उंच बुरूज आणि चौफेर पूल-सज्जे असलेली प्रचंड वास्तू. राजघराणे तिथे कधी नांदलेच नाही, अशी तिची ख्याती आहे. पडझडीमुळे रिकाम्या झालेल्या इमारती आपण पुष्कळ पाहतो. चारशे वर्षांपूर्वी बांधून रिकामी राहिलेली इमारत पाहायची तर आधी दतिया आणि मग समथर असा क्रम ठेवावा. झाशीत राणीमहालाचा चौक आणि रंगवलेली छते जरूर पाहावीत. राणीच्या नेवाळकर घराण्याचे घर कसे होते याचा अंदाज तिथे येतो.

हिंदी कादंबऱ्यांना मात्र मी मुद्दाम वेगळी जागा देतो. वृंदावनलाल वर्मा झाशीत वकिली करत आणि या मुलखातली जंगले, नद्या, गढ्या त्यांनी पायाखाली घातल्या होत्या. त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना १८५८ मध्ये मारले गेले. ‘झाँसी की रानी’ (१९४६) सर्वांना ठाऊक असते. ‘गढ़ कुंडार’ मात्र आपल्याकडे फार कमी वाचली जाते. खंगारांच्या हातून तो गड बुंदेल्यांकडे कसा गेला, याची ही कथा. कादंबरी हा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. पण बुंदेली माणसाची बोली, मानापमान आणि हट्ट तिच्यातून जसे कळतात, तसे गॅझेटियरमधून कळत नाहीत. वाटेवरचे चिरगाव हे मैथिलीशरण गुप्तांचे गाव, तेही लक्षात असू द्यावे.

आता नियमांविषयी. समथरचा किल्ला राजघराण्याकडे आहे. तेव्हा आधी विचारावे, परवानगी मिळाली तरच आत जावे, नाही म्हटले तर बाहेरून पाहून परतावे. ओस दिसणारी जागा बिनमालकीची नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेत आगळीक करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरू शकतो. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या मजल्यांत पावसाळ्यानंतर पाणी मुरलेले असते, ते माणसाचे वजन पेलतीलच असे नाही. उंच कमानींना आग्यामोहोळ लागलेले असते, तिथे मोठ्याने बोलू नये, धूर करू नये. एकट्याने कधीच जाऊ नये.

आणि एक विनंती. बुंदेलखंडात शंभरावर वर्षे मराठी कारकून, मामलेदार, भिक्षुक, शिलेदार राहिले. त्यांतली अनेक कुटुंबे पुढे महाराष्ट्रात परतली, काही झाशी, सागर, जालौनला राहिली. आपल्या घरच्या माळ्यावर, देवघरातल्या पेटीत किंवा गावच्या वाड्यात मोडी लिपीतल्या कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, असेल, तर तो रद्दीत घालू नका. वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतल्या किंवा जवळपासच्या मोडी जाणकाराला तो दाखवा. समथर, मोंठ, गुरसराय इथल्या ज्या भिंतींविषयी अजून कुणी लिहिलेले नाही, त्यांची हकीकत कदाचित त्याच रुमालात असेल.