साहाय्यक दीप, मोटारगाडीचे
वाहनाच्या मूळ शिरोदीपांना पूरक म्हणून बसविलेले जादा दीप. पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डीच्या फोर्स मोटर्स कंपनीच्या ‘गुरखा’सारख्या, आडवाटेने जाणाऱ्या गाड्यांवर ते पुष्कळदा मागाहून बसवितात. दीप निवडणे सोपे. तारजोडणीत मात्र चुका होतात.

१२ व्होल्ट दाबावर प्रत्येकी ५५ वॉटचे दोन दीप सु. ९ अँपिअर प्रवाह घेतात. तो चालकापुढील लहान स्विचातून नेल्यास स्विच तापतो आणि लांब, बारीक तारेत दाब घटतो. तंतुदीपाचा दाब १२ वरून ११ व्होल्टवर आला, तरी प्रकाश सु. एकचतुर्थांशाने कमी होतो. यासाठी घटमालेपासून दीपांपर्यंतचा प्रवाह आखूड व जाड तारेने अभिचालित्रामार्फत (रिलेमार्फत) नेतात. स्विचातून केवळ अभिचालित्राच्या वेटोळ्याचा क्षीण प्रवाह वाहतो. हा क्षीण प्रवाह शिरोदीपांच्या दूरझोताच्या तारेवरून घेतल्यास झोत खाली करताच साहाय्यक दीपही विझतात व समोरच्या चालकाचे डोळे दिपत नाहीत.

१५ अँपिअरची वितळतार घटमालेला लागूनच हवी. ती दीपाजवळ बसविली, तर घटमालेपासून तिच्यापर्यंतची तार असंरक्षित राहते. खडबडीत वाटेवर अशी तार सांगाड्यावर घासून तिचे निरोधक आवरण फाटले, तर गाडी पेट घेऊ शकते. एलईडी दीपांना प्रवाह कमी लागत असला, तरी वितळतारेची जागा हीच राहते.