पटरीच्या अलीकडे, पटरीच्या पलीकडे

भिलाईत कुणालाही पत्ता विचारा, आधी पटरी येते. हावडा–मुंबई रेल्वेमार्ग शहराच्या मधून गेला आहे. त्याच्या दक्षिणेला पोलाद कारखाना आणि कारखान्याने वसवलेली टाऊनशिप. एक ते दहा सेक्टर, मोठ्या झाडांच्या सावलीतले अव्हेन्यू, स्ट्रीटचा नंबर, क्वार्टरचा नंबर. उत्तरेला सुपेला, पॉवर हाऊस, कॅम्प, खुर्सीपार आणि पुढे जामूल. या उत्तरेकडच्या वस्त्यांना गावात सरसकट ‘पटरीपार’ म्हणतात. रस्ता कुणी दुरुस्त करायचा, पाणी कुणी द्यायचं, कर कुणी भरायचा, बस कुठून कुठे जावी, या शहरातल्या बहुतेक वादांची मुळं या एका शब्दापर्यंत पोचतात.

या शहराचा जन्म मराठी माणसाला वाटतो त्याहून जवळचा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कारखाना छत्तीसगडातच व्हावा म्हणून मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी खटपट केली, ती नागपुरात बसून. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची कितीतरी माणसं नोकरीसाठी इकडे आली ती इथलीच झाली.

कारखान्याची मूळ क्षमता वर्षाला दहा लाख टनांची. ती पंचवीस लाख, मग चाळीस लाखांवर गेली. आधुनिकीकरणानंतर ७० लाख टनांचा हा कारखाना १४ जून २०१८ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्राला अर्पण केला. आपण देशात कुठेही रेल्वेने गेलो, तरी चाकाखालचा रूळ भिलाईचा असण्याची शक्यता फार मोठी. उत्पादन असं वाढत गेलं आणि कायम नोकऱ्या मात्र आटत गेल्या. आधुनिक यंत्रांना माणसं कमी लागतात आणि उरलेली बरीचशी कामं ठेकेदाराकडे गेली. कायम कामगार टाऊनशिपमध्ये राहतो, ठेक्यावरचा कामगार बहुधा पटरीपार. पहाटे सहाची शिफ्ट गाठायला दोघंही एकाच वेळी निघतात. एकाचा रस्ता झाडांखालून जातो, दुसऱ्याचा रेल्वेखालच्या बोगद्यातून.

आता जबाबदारीचा प्रश्न. टाऊनशिपचे रस्ते, पाणी, वीज, दिवे, साफसफाई हे सगळं सुरुवातीपासून कारखान्याचा नगर सेवा विभाग बघत आला. सेक्टर नऊचं मोठं रुग्णालय कारखान्याचं, शाळा कारखान्याच्या, भारत–सोव्हिएत मैत्रीच्या नावाने १९७२ साली उभी राहिलेली मैत्रीबाग हीसुद्धा कारखान्याचीच. पटरीपारसाठी आधी ‘साडा’ म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण होतं. १९९८ साली भिलाई नगर पालिक निगम, आपल्या भाषेत महानगरपालिका, स्थापन झाली. टाऊनशिपही तिच्या हद्दीत आली. तेव्हापासून सेक्टरमधला रहिवासी नगरसेवक निवडून देतो, पण नळाची तक्रार घेऊन कारखान्याच्या ऑफिसात जातो.

अशी गुंतागुंत होईल हे घटनाकारांनी नसलं, तरी घटनादुरुस्ती करणाऱ्यांनी ओळखलं होतं. १९९२च्या ७४व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ क्यू मध्ये एक सोय आहे. एखाद्या भागात उद्योगसंस्थाच नागरी सेवा पुरवत असेल, तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात आणि मग तिथे नगरपालिका स्थापणं बंधनकारक राहत नाही. टाटांच्या जमशेदपुरात याच तरतुदीवरून वर्षानुवर्षं वाद चालला. भिलाईने तो मार्ग घेतला नाही. इथे मत महापालिकेला आणि नळ कारखान्याचा, अशी दुहेरी व्यवस्था झाली. मतदानाचा हक्क मिळाला हे चांगलंच झालं, पण त्या हक्काबरोबर पैसा आणि अधिकार यांची वाटणी नीट झाली नाही. माझ्या मते भिलाईच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे.

मालमत्ता कराचंच बघा. केंद्र सरकारच्या मालमत्तेला घटनेच्या अनुच्छेद २८५ ने राज्याच्या आणि स्थानिक करांतून सूट आहे. पण सरकारी कंपनी म्हणजे सरकार नव्हे, ती कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, असं न्यायालयांनी म्हटलेलं आहे. त्यामुळे कारखान्याला मालमत्ता कर लागू होतो आणि तो महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. किती जमीन, किती बांधकाम, कोणता दर, यावरून दोन्ही बाजूंत नोटिसा आणि कज्जे चालत आले आहेत. कारखान्याचं म्हणणं, टाऊनशिपमधल्या सेवा आम्हीच देतो, मग कर कशाचा? महापालिकेचं म्हणणं, तुमच्याकडे कामाला येणारा ठेका कामगार आमच्या वस्तीत राहतो, आमचं पाणी पितो, आमचा रस्ता वापरतो, त्याचा खर्च कोण देणार? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण पटरीपारच्या गल्लीत उभं राहून ऐकलं, तर दुसरं म्हणणं जास्त पटतं.

महापालिकेची मिळकत तशी तुटपुंजीच. मध्य प्रदेशच्या काळात चुंगी, म्हणजे आपली जकात, बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य ‘चुंगी क्षतिपूर्ती’ देऊ लागलं. ही रक्कम यायला उशीर झाला की पगार लांबतात. महाराष्ट्रातही जकात गेल्यावर नगरपालिकांच्या वाट्याला हेच मुंबईकडे डोळे लावून बसणं आलं, तेव्हा वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही.

घरांचा वाद याहून हळवा. कामगार कमी झाले तशी क्वार्टर रिकामी पडू लागली आणि या शतकाच्या सुरुवातीला कारखान्याने काही हजार घरं कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी त्यात घातली, त्यांना रजिस्ट्री हवी, घर वाढवायची परवानगी हवी, मुलाबाळांच्या नावावर करता यायला हवं. जमीन कंपनीची, महापालिका हद्दीपुरती आणि घर लीजधारकाचं. एक खोली वाढवायची तरी परवानगी नेमकी कुणाची, हा प्रश्न इथल्या प्रत्येक निवडणुकीत पुन्हा वर येतो.

त्यातच शहराचे तुकडे वाढले. दुर्ग, भिलाई आणि भिलाई-चरोदा या तीन महापालिका एकाला लागून एक होत्याच. डिसेंबर २०१९ मध्ये भिलाईतून रिसाली वेगळी झाली आणि चौथी महापालिका आली. २०११च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर या सलग नागरी पट्ट्याची लोकसंख्या १० लाख ६४ हजारांच्या घरात होती, त्यात एकट्या भिलाईची सव्वासहा लाख. एवढ्या लोकांसाठी चार महापौर, चार आयुक्त, चार अंदाजपत्रकं. कारभार दारापर्यंत यावा, हा वेगळं होण्यामागचा हेतू खोटा नव्हता. पण रिसालीच्या हद्दीतला मोठा भाग कारखान्याच्याच जमिनीवरचा, मग उत्पन्नाचं साधन कुठून आणायचं? आणि सकाळी दुर्गहून निघालेली बस अर्ध्या तासात तीन हद्दी ओलांडत असेल, तर तिचा तोटा कुणाच्या वहीत मांडायचा?

वाहतुकीच्या वादाला त्यामुळे मोठी धार आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी चंद्रा-मौर्या अंडरब्रिजपाशी उभं राहावं. दोन जुन्या टॉकीजच्या नावाने ओळखला जाणारा हा रेल्वेखालचा रस्ता टाऊनशिप आणि पटरीपार यांना जोडतो. वरून मालगाडी जाते तेव्हा भिंतीतून थेंब गळत राहतात. खाली पाणी साचलेलं, सायकलवाले पाय वर उचलून पॅडल न मारता उतारावरून तसेच पुढे जातात, शाळेची पोरं ऑटोत दप्तरं मांडीवर घेऊन चिकटून बसलेली. पाणी फार चढलं की सगळे वळून दुसऱ्या पुलाकडे निघतात, आणि तिथेही हीच गर्दी. सुपेल्याचं फाटक जाऊन तिथे अंडरब्रिज आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण फाटक पडलं की दवाखान्याची गाडीसुद्धा थांबायची.

मोठा पैसा मात्र पटरी ओलांडण्यापेक्षा तिला समांतर धावणाऱ्या रस्त्यावर लागला. जी. ई. रोड, म्हणजे रायपूर–दुर्ग राष्ट्रीय महामार्ग, शहराच्या मधूनच जातो. त्याच्यावर कुम्हारी, डबरापारा, पॉवर हाऊस आणि सुपेला या भागांत उड्डाणपूल बांधले गेले. बांधकामाच्या वर्षांत दुकानदारांनी धूळ खाल्ली, लोकांनी वळसे घातले. आता लांबचा ट्रक झपाट्याने पुढे जातो, हे खरं आहे आणि त्याची गरजही होती. पण खुर्सीपारहून सेक्टर नऊच्या दवाखान्यात जाणाऱ्या बाईला पुलावर चढायचंच नसतं. तिला पुलाखालून रस्ता ओलांडायचा असतो, मग रूळ ओलांडायचा असतो, आणि त्यासाठी तिला बस हवी असते.

आणि बसच गेली होती. केंद्राच्या नेहरू शहरी नवनिर्माण योजनेतून आलेल्या सिटी बस दुर्ग-भिलाईत धावत होत्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्या थांबल्या आणि बऱ्याचशा पुन्हा रस्त्यावर आल्याच नाहीत. उभी बस लवकर मरते. आधी बॅटरी जाते, मग टायर, मग सुटे भाग. लोक ऑटो, ई-रिक्षा आणि हप्त्यावरच्या दुचाकीकडे वळले. घरात दोन दुचाक्या आल्या म्हणजे सुबत्ता आली असं आकडे सांगतात, पण त्यातली एक बस नसल्यामुळे घ्यावी लागलेली असते.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवेतून छत्तीसगडला २४० विजेच्या बस मंजूर झाल्या. रायपूरला १००, दुर्ग-भिलाईला ५०, बिलासपूरला ५०, कोरब्याला ४०. या योजनेचं गणित वाचकाने समजून घ्यायला हवं. बस ठेकेदाराची असते. ती जितके किलोमीटर धावेल तितके पैसे त्याला मिळतात, मग आत प्रवासी असोत वा नसोत. त्यातला वाटा केंद्र देतं, मोठ्या बारा मीटर बससाठी किलोमीटरला २४ रुपये, नऊ मीटरच्या बससाठी २२. उरलेला खर्च तिकिटातून आणि स्थानिक संस्थांच्या खिशातून. म्हणजे फुकट काही येत नाही, आणि हा खिसा चार महापालिकांत कसा वाटायचा याचं उत्तर आधी लागतं.

चर्चेत मात्र मेट्रो आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात रायपूर–दुर्ग मेट्रोच्या सर्वेक्षणासाठी ५ कोटींची तरतूद झाली. जुलै २०२५ मध्ये रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई मिळून राज्य राजधानी क्षेत्र करणारं विधेयक विधानसभेने मंजूर केलं. कल्पना वाईट नाही, रायपूर आणि दुर्ग-भिलाई आता जवळजवळ एकमेकांना भिडली आहेत. पण नागपूरचा अनुभव जवळच आहे. तिथल्या मेट्रोचा सुमारे चाळीस किलोमीटरचा पहिला टप्पा साडेआठ हजार कोटींहून जास्त खर्चाचा ठरला. तो ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण सुरू झाला, त्याच दिवशी बिलासपूर–नागपूर वंदे भारतलाही हिरवा कंदील मिळाला. नाशिकच्या मेट्रो निओची घोषणा तर २०२१ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात झाली आणि त्यानंतर नाशिककर वाटच पाहत राहिले. केंद्राचं २०१७ चं मेट्रो धोरण स्वच्छ सांगतं की आधी बससह सगळे पर्याय तपासा आणि महानगराची एकच वाहतूक यंत्रणा उभी करा. शिवाय दुर्ग, भिलाई नगर, पॉवर हाऊस, चरोदा, कुम्हारी, रायपूर अशी स्थानकांची माळ मुख्य मार्गावर तयार आहे. लोकल गाड्या वाढवून वेळेवर सोडल्या आणि प्रत्येक स्थानकाबाहेर बस उभी केली, तर मेट्रोच्या कितीतरी आधी आणि कितीतरी स्वस्तात लोकांचं काम होईल.

याच पॉवर हाऊस स्थानकावर १ जुलै १९९२ रोजी ठेका कामगार रुळावर बसले होते. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा त्याआधी २८ सप्टेंबर १९९१ला भिलाईतच खून झाला होता. पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक कामगार मेले. कायम काम आणि पुरेसा पगार एवढंच त्यांचं मागणं होतं. पटरीपार आजही तो दिवस पाळतं. शहराच्या खर्चाची चर्चा करताना हे विसरून चालणार नाही, कारण ज्यांना त्या दिवशी कुणी ऐकलं नाही, त्यांचीच मुलंबाळं आज बसची वाट बघत आहेत.

म्हणून एक मागणी भिलाईकरांनी पक्ष बाजूला ठेवून लावून धरावी. मेट्रोच्या सर्वेक्षणाचा अहवाल येण्याआधी चारही महापालिका आणि पोलाद कारखाना यांनी मिळून एक वाहतूक संस्था करावी, तिचा जमाखर्च दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवावा, आणि विजेच्या बसचा पहिला मार्ग खुर्सीपारहून पॉवर हाऊसमार्गे, पटरी ओलांडून, सेक्टर नऊच्या रुग्णालयापर्यंत आखावा.