‘अर्थिंग’ या शब्दाचा अर्थ : ध्वनिवर्धकाच्या वाहनातील जाड तारेसंबंधी एक विवेचन

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत ध्वनिवर्धक बसविलेली जीपगाडी हे परिचयाचे दृश्य आहे. आठवडी बाजार, निवडणूक, लसीकरण अशा निमित्तांनी ती गावोगाव फिरते. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू आणि सर्वत्र मराठी अशा भाषांतून तिच्यावरून घोषणा होतात. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय या घोषणांची भाषा हा नसून, त्या गाडीची विद्युत्-जोडणी करताना वापरली जाणारी भाषा हा आहे. त्या भाषेतील दोन शब्द असा काही समज निर्माण करतात की, त्याची परिणती तार जळण्यात होऊ शकते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ५०० वॉट ध्वनिशक्ती देणारा ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम मानला, तरी त्यास ६२५ वॉट पुरवावे लागतात. घरातील २३० व्होल्टवर एवढ्यासाठी पावणेतीन अँपिअर प्रवाह पुरतो. गाडीच्या साडेबारा व्होल्टवर मात्र ५० अँपिअर लागतो. तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढील बॅटरीपासून मागील ॲम्प्लिफायरपर्यंत ५ मीटर तांब्याची तार नेली असे समजू. तिचा छेद ४ चौरस मिलिमीटर असेल, तर सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि ५५ वॉट उष्णता तारेत निर्माण होते. छेद २५ चौरस मिलिमीटर असेल, तर घट ०.१८ व्होल्टपेक्षा अधिक होत नाही आणि उष्णता ९ वॉटच्या आत राहते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त मिळते. पण तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असल्याने ती त्याच हिशेबाने अधिक जाड घ्यावी लागते.

आता शब्दांकडे वळू. पहिला शब्द ‘अर्थिंग’. परिभाषेत त्याला आपण ‘भूसंपर्कन’ म्हणतो. घराच्या बाबतीत तो यथार्थ आहे, कारण तेथे तार खरोखरच जमिनीत जाते. गाडी रबरी चाकांवर उभी असते; तिच्यात भूमीशी संपर्क असा नसतोच. तेथे ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी’ म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि त्याचे कार्य प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणे हे होय. जितके अँपिअर धन तारेतून जातात, तितकेच या वाटेने परततात. परंतु ‘अर्थ’ म्हटले की प्रवाह जमिनीत जिरून संपतो, अशी कल्पना मनात उभी राहते. मग धन तार जाड आणि परतीची तार बारीक, तीही रंगावरच स्क्रूने आवळलेली, असा प्रकार घडतो. वास्तविक परतीची तार तितकीच जाड व आखूड हवी, सांगाड्यावरील रंग खरवडून ती उघड्या धातूवर घट्ट बसवावयास हवी, आणि बॅटरीपासून सांगाड्यापर्यंतची मूळ तारही त्याच मानाची हवी.

दुसरा शब्द ‘फ्यूज’. मराठीत ‘वितळतार’ हा सार्थ पर्याय आहे. बोलण्यात मात्र फ्यूज ‘उडतो’. ‘ॲम्प्लिफायरचा फ्यूज’ या षष्ठीमुळे तो ॲम्प्लिफायरच्या रक्षणार्थ असून त्याच्याजवळ असला म्हणजे पुरे, असे वाटते. त्याचे मुख्य कार्य तारेचे रक्षण हे आहे. वाटेत आवरण फाटून तार सांगाड्यास टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज मागच्या टोकास असेल, तर हा प्रवाह त्यातून जातच नाही. म्हणून तो बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, आणि त्याचा आकडा तारेच्या क्षमतेहून अधिक नसावा.

या प्रदेशात आवरण फाटण्यास निमित्ते पुष्कळ. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, खडबडीत वाटेने गाडी हादरते आणि पत्र्याच्या भोकाची धार तारेला घासत राहते. यास्तव पत्र्यातून तार नेताना रबरी कडे बसवावे. इंधननळी, धुराची नळी व पायकळा यांपासून तार दूर ठेवून ठिकठिकाणी बांधावी. ध्वनिसंकेताची तार गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे घरघर येत नाही. काम आरंभताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे. वानाळलेल्या सागाच्या पाचोळ्यावर उभ्या असलेल्या गाडीत एक ठिणगीही पुरेशी असते.

क्षेत्रकार्यासाठी जीपमध्ये इन्व्हर्टर बसवून ध्वनिमुद्रणाची साधने चालविणाऱ्या संशोधकांनाही हेच नियम लागू आहेत. शब्द परका असणे हा दोष नव्हे. एका परिस्थितीतील शब्द दुसरीत तसाच नेल्याने दोष उत्पन्न होतो, आणि ‘भूसंपर्कन’ हे शुद्ध भाषांतरही तो दोष जसाच्या तसा पुढे नेते. वाहनापुरता ‘परतवाट’ असा साधा शब्द योजला, तर तार किती जाड असावी याचे उत्तर त्या शब्दातच सापडेल.