हनुवटीची जखम आणि वाकडा जबडा

कासारवाडीत दुकानाच्या पायरीवरून मूल पडते, हनुवटी फुटते, दोन टाके पडतात. आठवड्याभरात जखम भरली की घरची मंडळी निश्चिंत होतात. कानासमोरच्या सांध्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. हनुवटीवर बसलेला मार खालच्या जबड्याच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचतो आणि जबड्याच्या वाढीत या टोकाला फार महत्त्व असते. तेथे हाड मोडून सांधा जखडला, तर त्या बाजूची वाढ खुंटते, दुसरी बाजू वाढत राहते आणि हनुवटी दुखावलेल्या बाजूकडे सरकते. दुखावलेला गाल भरलेला दिसतो, निरोगी गाल चपटा. त्यामुळे पुष्कळदा चांगल्याच बाजूला दोष दिला जातो.

आपल्या व्यापारी घरांत ही गोष्ट बोलली जाते ती बहुधा मुलीसाठी स्थळे पाहू लागल्यावर. तोवर मौल्यवान वर्षे गेलेली असतात. वास्तविक पहिला प्रश्न रूपाचा नसून तोंड किती उघडते याचा आहे. सांधा जखडलेल्या मुलाला नीट चावता येत नाही, दात किडतात, झोपेत श्वासही अडखळतो. अशा मुलाचा सांधा लहानपणीच मोकळा करावा लागतो. काही वेळा बरगडीच्या कूर्चेचा तुकडा तेथे बसवतात. आखूड हाड कापून, यंत्राने रोज साधारण 1 मिलिमीटर ताणून वाढवण्याची पद्धतही आहे. तोंड उघडण्याचा व्यायाम चुकवला, तर सांधा पुन्हा जखडू शकतो. केवळ वाकडेपणा उरला असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर, आधी दातांना तारा लावून, जबड्याची शस्त्रक्रिया करतात.

पंढरपूरचे सुपुत्र डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे नाव समाजाला परिचित आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या या शल्यविशारदांनी 1968 पासून भारतात मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिरे घेतली. 1978 च्या अपघातानंतर चाकांच्या खुर्चीत बसून, पुढे कर्करोगाने स्वरयंत्र गमावूनही, ते शस्त्रक्रिया करीत राहिले. भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे वर्षानुवर्षे भरवली. 2011 मध्ये त्यांचे निधन झाले. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण यांवर तेथे उपचार होत. जबड्याचे काम मात्र शिबिराच्या एका दिवसात बसणारे नाही. त्याला वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. दात्यांनी हे ध्यानी घेतलेले बरे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पातळ किंवा मऊ आहारच घ्यावा लागतो आणि तोही थोडा थोडा, अनेकदा. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांनी याविषयी डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी आधीच बोलून ठेवावे. कासारवाडीकरांना दूर जायला नको. जवळच पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयही पिंपरीतच आहे. हनुवटीला मार बसल्यावर मुलाचे तोंड नीट उघडेना, किंवा उघडताना हनुवटी एका बाजूला जाऊ लागली, तर टाके काढण्याच्या दिवसाची वाट न पाहता सांध्याचा एक्स-रे काढून घ्यावा.