दोन घोड्यांवरचें विशेषण

एखादा मनुष्य आज इतिहास, उद्यां नाटक, परवां वैद्यक असें हातीं येईल तें वाचूं लागला आणि एकहि पुस्तक शेवटास नेईना, म्हणजे त्याच्या वाचनास इंग्रजींत ‘डेसल्टरी’ हें विशेषण लावितात. नित्याच्या बोलण्यांत हा शब्द क्वचितच येतो. कोशांत त्याचा अर्थ तुटक, विस्कळित, धरबंध नसलेला असा सांपडतो. परंतु तेवढ्यावरून या शब्दाचें मूळ ध्यानांत येत नाहीं.

लॅटिन भाषेंत ‘सालीरे’ म्हणजे उडी मारणें. ‘इन्सल्ट’ व ‘रिझल्ट’ हे नित्य परिचयाचे शब्दहि याच कुळांतले. पहिल्याचा मूळ अर्थ अंगावर उडी घेणें, दुसऱ्याचा मागें उसळणें. त्याच धातूस खालीं या अर्थाचा ‘डे’ हा उपसर्ग लागून, उडी टाकून उतरणारा तो ‘डेसुल्तोर’ झाला.

प्राचीन रोमच्या शर्यतींच्या रिंगणांत हें एका कसबी स्वाराचें नांव होतें. दोन घोडे जोडीनें भरधांव सोडून तो एकावरून दुसऱ्यावर झेप घेई. उत्तर आफ्रिकेंतील न्युमिडियन स्वारांचें वर्णन करितांना इतिहासकार लिव्ही यानें याच खेळाडूंची उपमा दिली आहे. हे स्वार ऐन लढाईंत, सशस्त्र असतांनाच, थकलेल्या घोड्यावरून ताज्या घोड्यावर उडी घेत. त्या उडीवर त्यांचा जीव अवलंबून असे.

मग या शब्दास निंदेचा रंग कसा चढला? त्याचा आरंभ रोममध्येंच झाला. कवि ओव्हिड यानें प्रेमांत स्थिर नसलेल्या पुरुषास हेंच नांव दिलें. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विशेषण इंग्रजींत आलें, तेव्हां घोडे आणि कसब मागें राहून केवळ चंचलपणा उरला.

मराठींत याच्या जवळचा शब्द ‘धरसोड’. लॅटिन शब्दाची दृष्टि पायांकडे, मराठीची हातांकडे. पण धरसोड करणारा हातचें सोडतो तेव्हां पुढचें त्याच्या हातीं असेलच असें नाहीं. रोमन स्वाराचें मात्र दोन्ही घोड्यांवर नियंत्रण असे. म्हणून अनेक विषयांत संचार करणाऱ्या वाचकास ‘डेसल्टरी’ म्हणण्यापूर्वी एवढेंच पाहावें, कीं लगाम त्याच्या हातीं आहेत कीं नाहींत.