विश्लेषण : म्हशीच्या गळ्यातला सेन्सर मुंबईच्या तबेल्यात चालेल का?

शहरभर विखुरलेले तबेले एका जागी यावेत म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. जोगेश्वरी, मालाडकडे आजही 'तबेल्याचेच दूध' मागणारी घरे आहेत. म्हशीवर लक्ष ठेवण्याची पद्धतही जुनीच : तबेल्यातल्या माणसाची नजर.

नजर चुकली तर काय होते?

मुंबईत व्यालेली म्हैस हरियाणा, गुजरातकडून विकत आणायची आणि दूध आटले की बदलायची, असा धंदा वर्षानुवर्षे चालला. ती वेळेत गाभण राहिली तर हा खर्च वाचतो. पण म्हशीचा माज बहुधा मुका असतो. उन्हाळ्यात तर अधिकच. लक्षणे अनेकदा रात्री किंवा पहाटे दिसतात आणि दिवसभरात ओसरतात. तो हुकला की पुढची संधी साधारण २१ दिवसांनी. तेवढे दिवस वैरण, पेंड चालूच.

पट्टा नेमके काय करतो?

तुमच्या मोबाइलमध्ये पावले मोजणारा जो सेन्सर असतो, तोच इथे मानेची हालचाल टिपतो. निरोगी जनावर दिवसात साधारण सात-आठ तास रवंथ करते. रवंथ अचानक घटले तर आजाराची शंका येते. त्याच वेळी अस्वस्थ हालचाल वाढली तर माजाची. मग मालकाच्या फोनवर संदेश येतो. कानातला पिवळा बिल्ला मात्र सेन्सर नव्हे. त्यावरचा १२ अंकी क्रमांक ही फक्त जनावराची ओळख.

मग अडते कुठे?

ही यंत्रे मुख्यतः परदेशी गोठ्यांत मोकळ्या फिरणाऱ्या गायींवर बेतलेली. आपल्याकडे म्हैस दावणीला बांधलेली, त्यामुळे पायाला बांधून पावले मोजणारे यंत्र इथे जवळपास निरुपयोगी. रवंथ टिपणारा गळपट्टा त्यातल्या त्यात कामाचा. तोही पाणी आणि शेणात टिकला पाहिजे. साऱ्या म्हशींना पट्टे घेण्याची गरज नाही. व्याल्यानंतर दोनेक महिने झालेल्यांनाच तो बांधावा आणि गाभण ठरली की दुसरीला.

आणखी एक साधी अडचण. पट्टा घेतो मालक, संदेश येतो त्याच्याच फोनवर, आणि तो झोपलेला असतो मालाडच्या इमारतीत. पहाटे तीनला म्हशीपाशी असतो तो धार काढणारा माणूस. संदेश त्याच्या फोनवर, त्याला वाचता येईल अशा भाषेत आला, तरच सकाळी रेतनासाठी डॉक्टर बोलावले जातील.